लाल बटणावरचं कुंकू

आमच्या ऑफिसातला मदतीचा फोन एका दसऱ्याला मी स्वतःच्या हाताने गप्प केला होता. तोंडी पुष्कळांना सांगून झालंय, लिहून आजवर कुणाला दिलेलं नाही. संपादकबाई म्हणाल्या, "मावशी, म्हाताऱ्या माणसांसाठी टॅब बनवतानाचे गमतीदार किस्से लिहा ना आमच्या अंकाला." किस्से आहेत, ढीगभर आहेत. पण ते सांगता सांगता मी शेवटी त्या दसऱ्यापाशीच येऊन थांबते, दरवेळी. म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मी कोण, ते थोडक्यात. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या फटक्यात. अंधेरीच्या एमआयडीसीत टेलिफोन बनवायच्या कारखान्यात अठरा वर्षं सोल्डरिंग केलं, म्हणजे तापलेल्या टोकाने कथलाची तार वितळवून बारके बारके भाग जोडायचे. कारखाना बंद पडला. मग मालाडला दिराच्या दुकानात मोबाईल उघडायला शिकले. शिकवलं कुणी नाही. बिघडलेले फोन उघडायचे आणि परत जोडता आले नाहीत की दिराच्या शिव्या खायच्या. हळूहळू शिव्या कमी झाल्या. म्हातारी गिऱ्हाइकं माझ्याकडेच यायची. "मुलाने दिलाय गं, पण ह्याच्यात बोलायचं कुठून?" मी त्यांच्या फोनवरचं सगळं काढून टाकायचे, चार चित्रं ठेवायचे आणि मागे कागद चिकटवून द्यायचे, हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की बंद.

असा एक फोन निखिल नावाच्या इंजिनिअरच्या आईचा निघाला. तो दुकानात येऊन म्हणाला, "हे कुणी केलं? आम्ही वर्षभर हेच करतोय, आम्हाला जमत नाहीये." त्याची अंधेरीत छोटी कंपनी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना परवडेल, वापरता येईल असा टॅब बनवत होते. मला म्हणाला, "मावशी, आमच्याकडे या." मी म्हटलं, "मला इंग्लिश येत नाही हां." तो म्हणाला, "म्हणूनच."

आता टच म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. काचेखाली विजेचं बारीकसं जाळं असतं. आपल्या अंगात ओलावा असतो. बोट टेकलं की त्या जाळ्यातली चिमूटभर वीज बोटाकडे ओढली जाते आणि काचेला कळतं, इथे कुणीतरी आलं. साठी-सत्तरीनंतर बोटं कोरडी पडतात, टोकाची कातडी जाड होते. काचेला ते बोट कळतच नाही. मग म्हातारं माणूस जोर लावतं, लिफ्टचं बटण दाबल्यासारखं. बायका नखाने टोचतात, आणि नख तर काचेला माणसाचं वाटतच नाही. उलट पाणी सांडलं की काच भांबावते. थेंबालाच बोट समजते आणि आपलं आपण काहीतरी उघडत बसते. कोरड्या बोटाला ओळख नाही आणि पाण्याला मात्र या बसा!

पहिली चाचणी बोरिवलीला, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर. दहा टॅब वाटले. आमची तन्वी, म्हणजे पडद्यावर काय दिसेल ते ठरवणारी मुलगी, वही-पेन घेऊन बसली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. एकानेही काचेला हात लावला नाही. सगळे टॅब मांडीवर ठेवून बसले होते, हळदी-कुंकवाचं वाण घेऊन बसावं तसे. तन्वीचा चेहरा पडला. "मावशी, डिझाइन इतकं वाईट आहे का?" मी शेजारच्या काकूंना विचारलं, हात का नाही लावत? त्या कुजबुजल्या, "खराब झालं तर?"

तिथेच एक पेडणेकर काका होते. त्यांच्याकडे टॅब महिनाभर ठेवला, पण एकदाही चालू झाल्याची नोंद नाही. आम्ही घरी गेलो. काकांनी लोखंडी कपाट उघडलं, आतला चोरकप्पा उघडला, काकूंच्या पैठणीची घडी बाजूला केली आणि तिच्या पोटातून टॅब काढला. पिशवीत. पिशवीवर रबर.
"अहो काका, वापरायचा ना!"
"वापरणार की. नवा आहे अजून."
रिक्षात बसल्यावर तन्वीने वही पिशवीत कोंबली. मग म्हणाली, "आपण कॉलेजमधे चार वर्षं काय शिकलो?" मला हसू आलं होतं. पण खरं सांगू, आतून मलाही धक्का बसलेला. माणसं एखाद्या वस्तूला इतकी घाबरत असतील तर आपण त्यांना मदत देतोय की भीती?

तर असं करत करत टॅब तयार झाला. जुन्या मॉडेलच्या काचा घेतल्या, मागचा कॅमेरा काढला, त्यामुळे स्वस्त झाला. पडदा कायम चालूच, कारण एकदा काळा झाला की माणसं समजायची बिघडला. सरकवणं बंद. चार कोपऱ्यांत चार चौकोन, आणि मधोमध सगळ्यांत मोठं लाल बटण. त्यावर 'मदत'. ते दाबलं की आधी घरच्या माणसाला फोन, आणि आमच्या ऑफिसातल्या मदतीच्या फोनवर घंटी.

ह्या बटणावरून निखिलशी माझं भांडण झालं. तो म्हणत होता, बटण तीन सेकंद दाबून धरायचं, म्हणजे चुकून लागणार नाही. मी म्हटलं, "पडलेलं माणूस एक-दोन-तीन मोजत बसेल काय रे? एकदा टेकलं की लागलंच पाहिजे." पैज लावल्यासारखी भांडले. जिंकले.

ज्या बाईंमुळे जिंकले त्या कौसल्याबाई वानखेडे. घाटकोपरला राहायच्या, वय चौऱ्याहत्तर, महापालिकेच्या बालवाडीत बाई होत्या. मूळ बुलढाण्याच्या. आमच्या सगळ्या चाचणीवाल्यांत त्या सर्वांत कडक. पहिल्याच दिवशी तन्वीला म्हणाल्या, "ही राखाडी अक्षरं काऊन केली? मुंग्या चालल्यासारखं दिसतंय." तन्वीने निमूट काळी केली. तीन सेकंदांचं बटण त्यांना दाखवलं तर मला म्हणाल्या, "सुलभाताई, माझ्या वर्गातली पोरं पडली की आधी ओरडायची, मग रडायची. मोजायचं कुणीच नाही."

त्यांच्या घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती आणि पांढरी फुलं. तिथे बसून मी किती चहा प्यायले असेन.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मुलगा-सून नागपूरला जातात दीक्षाभूमीवर. मी पण जायचे दरवर्षी. आता गुडघा नाही म्हणतो. तीन दिवस एकटी आहे. बटण लागतंय का, एकदा बघून जा." आम्ही दोघींनी मिळून दाबून बघितलं. मी बरोबर नेलेला ऑफिसचा मदतीचा फोन त्यांच्यासमोर खणखणला. त्या खूश. "झालं तर मग," म्हणाल्या, "आता पडायला हरकत नाही." दोघी हसलो.

आता तो दसरा.

तेव्हा लोकांच्या घरी आमचे चाळीसेक टॅब होते. ऑफिसला पूजा करून अर्धा दिवस. टेस्टिंगचं टेबल, सोल्डरिंग गन, लॅपटॉप, सगळ्यांना झेंडू. निखिलने नारळ फोडला आणि पाणी की-बोर्डवर उडालं म्हणून मी त्याला ओरडतेय, तेवढ्यात मदतीचा फोन वाजला. मुलुंडच्या करंदीकर काकू. मी धावत उचलला, उलटा फोन लावला.
"काकू, काय झालं?"
"कुठे काय? पूजा केली हो तुमच्या टॅबची. कुंकू लावलं मधोमध, फूल ठेवलं. तर हा वाजायलाच लागला."

मी हसत सुटले. कुंकू लावायचं कुठे? मधोमध. मधोमध काय? लाल बटण. आधी बोट टेकलं म्हणून लागलं, मग ओलं कुंकू बसलं म्हणून लागतच राहिलं. हे सांगते न सांगते तोच बोरिवली. मग कांदिवलीच्या एक आजी, "सुलूमावशी, हा थांबतच नाही गं, ह्याच्यात देव आला की काय?" मग मालाड. मग एकदम दोन. जो टॅब माणसं पिशवीत घालून ठेवत होती, त्याची आता घरोघरी पूजा होत होती. मला भरून आलं, आणि लपवत नाही, चढलंही. निखिलला म्हटलं, "इंजिनिअर झालात, पण दसऱ्याला यंत्राची पूजा होते हे धरलं नाहीत तुम्ही." जणू मी धरलं होतं!

घंटी थांबेना. सहा घरं, आठ, दहा. तन्वी म्हणाली, "मावशी, सगळ्यांना एकेक फोन करूया का? मी करते."
"अगं, पूजाच आहे ती. कुंकू वाळलं की आपोआप थांबेल."
"पण एखादा खरा असला तर?"
आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "तुझ्या घरी कधी पाटी-पुस्तकाची पूजा झाली आहे का? तुला नाही कळायचं ते." तिने स्वतःचा फोन पर्समध्ये टाकला. मी फोनचा आवाज बंद केला, उपडा ठेवला आणि श्रीखंड वाढायला घेतलं.

जेवणं झाली. दोनच्या सुमारास मी कॉम्प्युटरवरची यादी काढून बसले, म्हटलं कुणाकुणाचं वाजलं त्याच्या खुणा करून ठेवू, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. करंदीकर, पूजा. पेडणेकर, पूजा. अशा खुणा करत खाली आले आणि बोट थांबलं.

कौसल्या वानखेडे.

सुरुवातीला मला काही कळलंच नाही. नाव वाचलं, परत वाचलं. पूजा? आणि मग कळलं. त्या घरात कुंकू नव्हतं. त्या घरातली माणसं त्या दिवशी नागपुरात होती, आणि का होती ते मला स्वतः सांगितलेलं होतं.

यादीत प्रत्येक दाबण्याची वेळ येते. बाकीच्यांच्या नावापुढे पन्नास-पन्नास, साठ-साठ वेळा, सेकंदा-सेकंदाला, ओली काच फडफडत असल्यासारखं. त्यांच्या नावापुढे चारच. पहिलं अकराला. मग दहा मिनिटांनी. मग वीस मिनिटांनी. मग पाऊण तासाने. दरवेळी दाबायचं, वाट बघायची, मग परत. शेवटचं सव्वाबाराच्या सुमाराला. त्यानंतर काही नाही.

फोन लावला, उचलत नाहीत. मुलाचा लावला, गर्दीत लागत नव्हता. शेजाऱ्यांचा नंबर? आमच्या फॉर्ममध्ये शेजाऱ्यांचा रकाना होता. फॉर्म लांबला म्हणून आम्हीच तो काढून टाकला होता, माझ्यासमोर. मी आणि तन्वी धावत मेट्रोला आलो. अंधेरी ते घाटकोपर वीसेक मिनिटं. समोरच्या बाकावर नव्या साड्या नेसलेल्या बायका एकमेकींना सोनं देत होत्या. तन्वी दाराशी उभी राहून परत परत कौसल्याबाईंचा नंबर लावत होती. तिने माझ्याकडे बघितलं असतं तरी मला सोसलं नसतं.

दार आतून ओढलेलं. मी दोन्ही हातांनी बडवलं. आवाजाने शेजारच्या बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "अहो थांबा, माझ्याकडे चावी आहे ना!"

दहा पावलं. चावी सकाळपासून तिथून दहा पावलांवर होती.

त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडव्या पडल्या होत्या. टॅब टेबलावरून खाली ओढलेला, चार्जरच्या वायरीला धरून. ओठ कोरडे, पाय वाकडा. डोळे उघडे. मला ओळखलं आणि म्हणाल्या, "चार वेळा दाबलं." रागाने नाही. हजेरी घेताना सांगावं तसं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगा मिळेल त्या गाडीने आला. त्याला सामोरं जायच्या आधी निखिलने मला जिन्यात गाठलं. तो वाईट मुलगा नाही, घाबरला होता. म्हणाला, "मावशी, सर्व्हर डाऊन होता म्हणूया. नाहीतर कंपनी जाईल. बाकीच्या लोकांचं काय?"
"सर्व्हर चालू होता रे," मी म्हटलं. "मी बंद होते."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्यांना जरा बसतं केलं होतं. मुलगा खाली औषधं आणायला गेलेला. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. घंट्या वाजत होत्या, मला वाटलं पूजेचं कुंकू आहे, म्हणून आवाज बंद केला.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.
"माझ्या घरी?"

दोनच शब्द. मला वाटलं होतं शिव्या देतील, रडतील.  

"तुम्ही बसायच्या तिथून समोरच भिंत दिसते," त्या म्हणाल्या. "मी काही लपवून ठेवलं नव्हतं."
"नाही."
"मी नागपूरचं पण सांगितलं होतं."
"हो. सांगितलं होतं."
"मग सुलभाताई, तुम्ही माझ्या घरी येत होत्या, ते कुणाच्या घरी येत होत्या?"

 त्यांनी चादर वर ओढून घेतली आणि म्हणाल्या, "जा आता. मला झोप येतेय." झोप येत नव्हती, मलाही कळत होतं.

ऑफिसात येऊन मी आधी तन्वीची माफी मागितली, सगळ्यांसमोर. तिला त्याचं काही नको होतं. ती म्हणाली, "मीच हट्टाने करायला हवे होते फोन. तुम्ही म्हणालात तुला कळायचं नाही, आणि मला खरंच वाटलं की मला कळत नाही." हे मला जास्त लागलं. मुलाने टॅब खोक्यात घालून परत पाठवला, वर चिठ्ठी नाही, काही नाही. निखिल परत तीन सेकंदांवर आला. ह्या वेळी मी भांडले नाही. भांडायला तोंड कुठे होतं?

दोन महिन्यांनी कौसल्याबाईंचाच फोन. "माझा टॅब पाठवा. मुलाला मी समजावलंय. त्या पोरीला पण पाठवा बरोबर, मला बोलायचंय."
दोघी गेलो. वॉकर धरून दार त्यांनीच उघडलं. चहा विचारला नाही. आम्ही तीन सेकंदांचं सांगायला लागलो तर हात वर केला.
"एकदाच राहू द्या. मी वायरीला ओढून टॅब पाडला आणि उताणी पडून बोट टेकवलं. तेवढंच जमत होतं. दाबून धरणं जमलं नसतं."
तन्वी म्हणाली, "पण मग खोट्या घंट्या येत राहतील, बाई."
"येऊ द्या. हजार वेळा खोटी आली तर हजार वेळा फोन करा. म्हाताऱ्या माणसाला फोन केला म्हणून कुणी रागावत नाही."

तोच नियम झाला. घंटी आली की फोन करायचा. कुणाचा सण काय, कुणाच्या घरी काय करतात, ह्याचा आपल्या डोक्याने हिशोब करायचा नाही. फोन उचलला नाही तर शेजारी, फॉर्ममधे तो रकाना परत आला. फोनचा आवाज बंद करायची सोयच निखिलने काढून टाकली, आणि ते त्याने माझ्याकडे न बघता केलं. बटण दाबल्यावर टॅब मोठ्याने बोलतो, 'तुमची हाक पोचली, फोन येतोय.' हे तन्वीचं. जमिनीवर पडलेल्या माणसाला निदान तेवढं तरी कानावर पडावं.

पुढच्या दसऱ्याला आम्ही सगळ्यांना आधी कळवलं, पूजा जरूर करा, पण कुंकू मागच्या बाजूला लावा. किती जणांनी ऐकलं असेल? कुणीच नाही. "मागच्या बाजूला काय पूजा करायची?" करंदीकर काकू म्हणाल्या. सकाळपासून घंट्या सुरू. टॅब तोवर कितीतरी जास्त घरांत गेले होते. मी, तन्वी, निखिल, तिघं तीन फोनवर. नमस्कार काकू, ठीक आहात ना, पुसून घ्या काच कोरड्या फडक्याने, तुम्हालाही शुभेच्छा. नमस्कार काका, ठीक आहात ना. श्रीखंड तसंच राहिलं, घसा बसला. मधेच एक काका खरंच छातीत दुखतंय म्हणाले. त्यांच्या शेजाऱ्यांना पाठवलं, अॅसिडिटी निघाली. चालेल.

साडेअकराच्या सुमाराला पडद्यावर नाव आलं. कौसल्या वानखेडे. एकदाच.

माझ्या हातातला दुसरा फोन मी तसाच सोडला.  एक रिंग, दोन रिंग, तीन.
"हॅलो."
"कौसल्याबाई! काय झालं? पडलात का?"
"नाही. बसलेय खुर्चीत."
"मग? दुखतंय का काही?"
"काही नाही."  मागे रेडिओ लागलेला होता. "आज सगळ्यांचे वाजत असतील ना?"
"हो. सकाळपासून."
"म्हणून बघितलं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी यादीत त्यांच्या नावापुढे वेळ लिहिली आणि पुढचा नंबर लावला.